नादांत पाप वसतें काय?

वर्धा जिल्ह्यांतील खेड्यांतून मुलें शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं नागपूर-पुण्यास जातात, आणि नाताळास घरीं येतांना मोबाईलवर नवीं गाणीं घेऊन येतात. त्यांत कांहीं ‘हेवी मेटल’ या प्रकारचीं असतात. आवाज कर्कश, शब्द समजण्यास कठीण, आणि गाणें ऐकणाऱ्याच्या सदऱ्यावर कवटीचें नाहीं तर उलट्या क्रूसाचें चित्र. अशा वेळीं वडील माणसें भितात व उपदेशकास विचारितात कीं, हें सैतानाचें गाणें नव्हे काय? असल्या मुलास भजनांत बसूं द्यावें काय? प्रिय वाचकहो, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. त्याच्या उत्तरावर एखादा तरुण मंडळींत राहील कीं मंडळीस कायमचा मुकेल, हें ठरतें. म्हणून ज्या ध्वनिमुद्रिकेपासून या गायनाचा उगम झाला असें बहुतेक जाणते मानितात, तिची हकीकत प्रथम पाहूं.

इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरीं ॲस्टन नांवाची कामगारवस्ती आहे. तेथील टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड व ऑझी ऑस्बॉर्न या चार तरुणांनीं १९६८ सालीं एक वाद्यवृंद काढिला. आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यांत कामास असे. वयाच्या सतराव्या वर्षीं, नोकरीच्या अगदीं शेवटच्या दिवशीं, यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें गिटारीच्या तारा दाबण्याचा हात तोच होता. त्यानें प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणें केलीं, त्यांवर चामडें चढविलें, आणि हलक्या तारा लावून वादन पुन्हां आरंभिलें. पुढें तारा सैल केल्यानें आवाज आणखी खोल झाला. ज्या आवाजास लोक राक्षसी म्हणतात, त्याच्या मुळाशीं एका कामगाराचा दुखावलेला हात आहे, हें आधीं ध्यानांत ठेवावें.

‘ब्लॅक सॅबथ’ हें नांव त्यांनीं १९६९ सालीं एका भयपटावरून घेतलें. भिण्यासाठीं लोक पैसे देऊन चित्रपटगृहास जातात, तर भीतीचें गाणें कां ऐकणार नाहींत, असा त्यांचा विचार होता. १६ ऑक्टोबर १९६९ रोजीं लंडनांतील रीजेंट साउंड येथें एका दिवसांत सर्व गाणीं मुद्रित झालीं. पहिल्या गाण्याच्या आरंभीं ऐकूं येणारा पाऊस, गडगडाट व घंटानाद हीं मागाहून जोडिलीं. १३ फेब्रुवारी १९७० रोजीं ही ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. तो शुक्रवार होता; तेरावी तारीख शुक्रवारीं आली कीं ती अशुभ, अशी तिकडे समजूत आहे. वेष्टनावर एक जुनी पाणचक्की व काळ्या वस्त्रांतील स्त्री होती. आंत उलटा क्रूस छापिला होता. तो आम्हांस न विचारितां छापिला, असें वादकांनीं पुढें सांगितलें. टीकाकारांनीं निंदा केली, पुष्कळ भाविक संतापले, आणि ब्रिटनांत ती विक्रीच्या यादींत आठव्या स्थानीं पोंचली.

आतां न्याय करावयाचा, तर नाद, शब्द आणि व्यापार या तिहींचा निरनिराळा विचार केला पाहिजे.

प्रथम नाद घ्या. पहिल्या गाण्याचा सारा डोलारा दोन स्वरांच्या अंतरावर उभा आहे. त्या अंतरास युरोपांतील जुन्या संगीतकारांनीं ‘संगीतांतील सैतान’ असें नांव दिलें होतें. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर तें षड्ज व तीव्र मध्यम यांमधील अंतर होय. परंतु हाच तीव्र मध्यम यमन रागाचा प्राण आहे. तंबोऱ्याच्या षड्जावर सांजवेळीं तो लागला म्हणजे आपलें मन शांत होतें, प्रार्थनेकडे वळतें. एका देशांत जें सैतानाचें, तें दुसऱ्या देशांत दिवेलागणीचें! यावरून स्वराच्या अंगीं पाप नसतें, हें उघड आहे. आपल्या मंडळ्यांचा इतिहासही हेंच शिकवितो. एके काळीं इंग्रजी चालीच तेवढ्या पवित्र, आणि अभंग, टाळ व मृदंग हीं अन्य धर्माचीं, असें कित्येकांस वाटे. कृष्णराव सांगळे व नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ती कीर्तनें व भजनें रचिलीं, आणि आज त्या चालींवांचून आपली उपासना सुनी वाटेल.

आतां शब्द. बटलर हा रोमन कॅथलिक घरांत वाढलेला. ऑस्बॉर्ननें दिलेलें मंत्रतंत्राचें एक जुनें पुस्तक वाचून निजला असतां आपल्या पलंगापाशीं काळी आकृति उभी दिसली, असें तो सांगतो. त्या भयांतून पहिलें गाणें निघालें. त्यांत सैतानाची स्तुति नाहीं. घाबरलेला मनुष्य देवाचा धांवा करितो. १९७१ सालच्या एका गीतांत तर त्यांनीं देवाची थट्टा करणाऱ्यांस मरणाचा विचार करावयास सांगितलें आहे. मात्र पहिल्याच मुद्रिकेंत सैतान प्रियकर होऊन बोलतो, असेंही एक गाणें आहे. तेव्हां सरसकट निर्दोष अगर सरसकट दोषी असा निवाडा येथें चालावयाचा नाहीं. शब्द एकेक करून तपासले पाहिजेत.

खरी अडचण व्यापाराची आहे. उलटा क्रूस दुसऱ्यानें छापिला असेल, पण नांव तर त्यांनीं स्वतः निवडिलें. पुढें जादूटोणा मानणारे लोक मागें लागले, तेव्हां ते स्वतःच भ्याले; ऑस्बॉर्नच्या वडिलांनीं करून दिलेले धातूचे क्रूस ते गळ्यांत घालूं लागले. ज्यानें दुकानावर भुताची पाटी लाविली, त्यानें गिऱ्हाईक कसलें आलें म्हणून कुरकुरावें काय? करिंथ येथील मंडळीस मूर्तीपुढील नैवेद्याविषयीं पौलानें जो बोध केला, तो येथें लागू पडतो. खाणें निर्दोष असलें, तरी दुर्बळ बंधु त्यानें ठेंचाळत असेल, तर विचार केलाच पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रांत हा विचार अधिकच हवा. करणी केल्याच्या नुसत्या संशयावरून माणसांस मारहाण झाल्याचीं उदाहरणें घडलीं आहेत, आणि जादूटोण्याविरुद्ध २०१३ सालीं राज्यास कायदा करावा लागला. जेथें भीतीनें रक्त सांडतें, तेथें भीतीचा खेळ करणाऱ्यानें जपून वागावें. पण वडिलांनींही हें ओळखावें कीं, अनाथ विधवेस चेटकीण म्हणणारी आणि मुलाच्या गाण्यांत सैतान पाहणारी भीति एकाच जातीची आहे.

फळ पाहावें तर तें मिश्र आहे. दारू व अमली पदार्थ यांनीं त्या मंडळाची पुष्कळ हानि केली. १९७९ सालीं ऑस्बॉर्नला त्यांतून काढून टाकिलें. तें गायन मात्र जगभर पसरलें. मुंबईंतही २००० सालीं ‘डीमॉनिक रेझरेक्शन’ नांवाचा असाच वृंद निघाला, आणि त्यानें २०१७ सालीं दशावतारांवर ध्वनिमुद्रिका केली. ५ जुलै २०२५ रोजीं ते चौघे आपल्या ॲस्टनांतच शेवटचे वाजविण्यास जमले. तो कार्यक्रम कंपवाताच्या रोग्यांच्या व आजारी मुलांच्या साहाय्यार्थ होता. त्यानंतर १७ दिवसांनीं ऑस्बॉर्न वारला.

म्हणून उपदेशक बंधूंनीं अशा तरुणास हांकून न देतां जवळ बसवावें. गाण्याचे शब्द काय, ते ऐकून मनांत काय उठतें, दया कीं द्वेष, हें त्याच्याच तोंडून ऐकावें. शब्द वाईट असतील तर तसें स्पष्ट सांगावें. तरुणानेंही आपल्या सदऱ्यावरील चित्रानें म्हाताऱ्या आजीची झोंप उडत असेल, तर तो सदरा दुमडून ठेवावा. त्यांत त्याचें कांहीं जात नाहीं. नाद मोठा आहे एवढ्यावरून ज्या मंडळीनें मूल गमाविलें, तिला मागाहून किती शांतता लाभली तरी ती काय कामाची?