नमुना आठवरचं नाव

दारव्हा तालुक्यात आम्ही जुनं मातीचं घर घेतलं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आमचं नाव चढलं. दुरुस्ती मात्र कापूस विकला की एकेक: पहिल्या वर्षी कवेलू फेरले, दुसऱ्या वर्षी वाळवी लागलेला सागाचा खांब बदलला. मधली भिंत पाडायची, तर तिच्यात विकणाऱ्यांच्या देवाची देवळी. त्यांची म्हातारी म्हणाली, “तुमचं घर हाय, पाडा नं बापा.”

तिनं जीव तोडून सोडलेलं आपण हक्क म्हणून घ्यावं काय? कागद मालकी देतो, रीत शिकवत नाही. गावठाणाला आपण पांढरी म्हणतो. पडक्या भिंतीचीच माती भिजवून इथं नवी भिंत उभी राहते. मालकी कसली, पाळी आपली.

भिंत ठेवली. खोली लहानच राहिली. सून कुरकुरते, अन् तिचंही खोटं नाही.