चार चाली आणि एक हंगाम

११ सप्टेंबर २०२३. सोमवारची रात्र. न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डमधलं मेटलाइफ स्टेडियम ऐंशी हजारांहून अधिक माणसांनी भरलं होतं. न्यूयॉर्क जेट्सचा हंगामातला पहिला सामना, समोर बफेलो बिल्स. ट्विन टॉवर्सवरच्या हल्ल्याला त्या दिवशी २२ वर्षं झाली होती आणि जेट्सचा नवा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स अमेरिकेचा झेंडा हातात घेऊन धावत मैदानात उतरला होता. चौथ्याच चालीत बिल्सच्या लिओनार्ड फ्लॉइडनं त्याला गाठून खाली आणलं. रॉजर्स उठला, थोडा उभा राहिला, आणि मग स्वतःहून खाली बसला. डाव्या पायाची पोटरी टाचेला जोडणारा अकिलीस टेंडन तुटला होता. एमआरआयनं तसं दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण प्रेक्षकांचे चेहरे पाहिले तर त्यांना ते तेव्हाच कळलं होतं. इतका मोठा जमाव इतक्या लवकर गप्प झालेला मी क्वचित पाहिला आहे.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून हे नुकसान केवढं होतं ते सांगायला हवं. या खेळात एका वेळी अकरा जण मैदानात असतात, पण आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून जाते. चेंडू त्याच्याकडे येतो, दोन-तीन सेकंदांत समोरची सारी मांडणी वाचून त्याला निर्णय घ्यायचा असतो, आणि तेवढ्या वेळात शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याच्या अंगावर धावून येत असतात. हंगाम फक्त १७ सामन्यांचा. क्रिकेटमध्ये मोठा फलंदाज जायबंदी झाला तर संघ अडखळतो, पण सावरतो. इथे पहिला क्वार्टरबॅक गेला की पुष्कळदा वर्षच जातं.

आणि जेट्सच्या माणसांनी या वर्षाची वाट फार काळ पाहिली होती. त्यांचा क्वार्टरबॅक जो नेमथनं विजयाची जाहीर हमी दिली होती आणि १२ जानेवारी १९६९ला बाल्टिमोर कोल्ट्सना १६-७ असं हरवून ती खरी केली. तो जेट्सचा पहिला आणि आजवरचा शेवटचा सुपर बोल, म्हणजे अंतिम विजेतेपद. २०१०च्या हंगामानंतर तर संघ बाद फेरीतही पोचलेला नव्हता. १९९९च्या हंगामात व्हिनी टेस्टाव्हर्डी हा क्वार्टरबॅक अगदी असाच, पहिल्याच सामन्यात, याच दुखापतीनं वर्षभरासाठी गेला होता. त्यानंतर २०२३च्या एप्रिलमध्ये ग्रीन बे पॅकर्सकडून रॉजर्स आला. १८ हंगामांचा अनुभव, चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, एक सुपर बोल. वय ३९. जेट्सचा पाठीराखा होणं ही तिथे बऱ्याचदा घरातून आलेली गोष्ट असते. बापाकडे हंगामाची तिकिटं असतात, ती पुढे मुलाकडे येतात. न्यू जर्सीतल्या एडिसन-पार्सिपनी भागात वाढलेल्या मराठी मुलांच्या पिढीलाही हा संघ शाळेतल्या मित्रांकडून मिळाला, आणि त्याच्यासोबत हे जुनं दुःखही.

म्हणून त्या रात्री ‘आपलं वर्ष संपलं’ असं ज्यांच्या मनात आलं, त्यांना मी स्वार्थी म्हणणार नाही. माणूस संघाला पैसे देतो त्याहून जास्त वेळ देतो, महिनोन्‌महिन्यांचं बोलणं देतो, एखाद्या आजारी वडिलांबरोबर घालवायच्या रविवारांची कल्पना देतो. ते हातातून गेलं की होणारं दुःख खरं असतं. माझी अडचण त्याच्या पुढच्या पावलाशी आहे. हे दुःख ज्याच्या तुटलेल्या पायातून सुरू झालं, तो माणूस त्यातून फार लवकर बाहेर पडतो. तासाभरात चर्चा संघाच्या कपाळी काय लिहिलंय याची होते, सकाळपर्यंत ती बदली कोण यावर येते. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस पुन्हा धावू शकेल का, हा प्रश्न उरतो तो फक्त पुढच्या हंगामाचा हिशेब म्हणून.

बदली खेळाडू तर त्या रात्री मैदानातच होता. झॅक विल्सन, वय २४. २०२१च्या निवडीत सगळ्या देशातून दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला हा मुलगा अपेक्षेला उतरला नाही, आणि आदल्या हंगामात याच स्टेडियमनं त्याची हुर्यो उडवली होती. आता त्याच लोकांना त्याची गरज पडली. सामना जादा वेळेत गेला आणि झेव्हियर गिप्सन नावाच्या, निवडीत कुणीही न घेतलेल्या नवख्या पोरानं बिल्सची किक झेलून ६५ यार्ड धाव घेतली. जेट्स २२-१६ असे जिंकले. आनंदानं ओरडणाऱ्या त्या लोकांचं मला कौतुक वाटलं. शोकात असूनही त्यांनी गिप्सनचा क्षण त्याला पुरता दिला. पुढे हंगाम ७ विजय आणि १० पराभवांवर संपला, आणि विल्सनची हुर्योही परत आली.

चाहत्यांचं मन याच्या उलट दिशेलाही जातं. ऑक्टोबर २०१२मध्ये कॅन्सस सिटीत चीफ्सचा क्वार्टरबॅक मॅट कॅसल डोक्याला मार बसून पडला आणि स्वतःच्याच प्रेक्षकांतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. खराब खेळणारा गेला, आता दुसरा येईल, म्हणून. सामन्यानंतर त्याचा सहकारी एरिक विन्स्टन पत्रकारांसमोर संतापानं बोलला. आम्ही ग्लॅडिएटर नाही, हे रोमचं कलोसियम नाही, असं त्यानं आपल्याच शहराला सुनावलं. ज्यांच्यापुढे दर आठवड्याला उभं राहायचं आहे त्यांना हे ऐकवायला धाडस लागतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक अँड्रू लकनं २९व्या वर्षी निवृत्ती घेतली. बरगड्या, खांदा, मूत्रपिंड, पोटरी. दुखापत, उपचार, पुन्हा दुखापत, हे चक्र त्याला सोसवेना झालं होतं. बातमी एका सराव सामन्याच्या वेळी फुटली आणि तो मैदान सोडून जाताना घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. शरीर मोडेपर्यंत खेळला असता तर हेच लोक त्याच्यासाठी हळहळले असते. तो तुटण्याआधी थांबला, हे त्यांना पचलं नाही. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत क्लेश देणारी घटना हीच वाटते.

अशा वेळी एकमेकांना धीर द्यायला चाहत्यांकडे काही कहाण्या असतात. २३ सप्टेंबर २००१ला जेट्सच्याच मो लुइसच्या धडकेनं न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो गंभीर जखमी झाला, आत रक्तस्राव झाला. त्याच्या जागी आलेल्या टॉम ब्रेडीनं पुढची दोन दशकं जेट्सना छळलं. २०१७मध्ये फिलाडेल्फियाचा कार्सन वेंट्झ डिसेंबरात गुडघा दुखावून बाहेर गेला आणि राखीव निक फोल्सनं न्यू इंग्लंडला ४१-३३ हरवून सुपर बोल आणला. या कहाण्या खऱ्या आहेत आणि अंधारात आधारही देतात. पण ऐकता ऐकता त्या असंही शिकवतात की एक गेला तर दुसरा येतोच, आणि मग ब्लेडसोच्या छातीतलं रक्त ही ब्रेडीच्या गोष्टीची केवळ प्रस्तावना होऊन बसते.

त्यात पैशाची भर पडली आहे. १४ मे २०१८ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं क्रीडा सट्ट्यावरची केंद्रीय बंदी रद्द केली. तो खटला न्यू जर्सीचाच होता. आता खेळाडूच्या पायावर पैसे लावणं फोनवर चालतं, आणि तो पडला की पैसे बुडालेल्यांचा राग थेट त्याच्यापर्यंत पोचतो. जुन्या पाठीराख्याच्या दुःखात निदान प्रेम तरी होतं.

मग चाहत्यानं करावं काय? दुःख कमी करावं असं मी म्हणत नाही, ते योग्य दिशेनं न्यावं असं म्हणतो. रॉजर्स पडल्यावर खेळाडूंच्या संघटनेनं जुनी मागणी पुन्हा मांडली: कृत्रिम मैदानं काढा, खरं गवत लावा. संघटनेनं मांडलेल्या आकडेवारीनुसार २०१२ ते २०१८ या काळात कृत्रिम मैदानावर, धडक न बसता होणाऱ्या पायाच्या दुखापतींचं प्रमाण २८ टक्के जास्त होतं. लीगनं नंतरच्या वर्षांचे आकडे दाखवून हा फरक मोठा नसल्याचं म्हटलं. रॉजर्सच्या पायाचा दोष मैदानाचाच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. तो धडकेतून पडला होता, आणि जेट्सचे तेव्हाचे प्रशिक्षक रॉबर्ट सालेह यांनीही तेच निदर्शनास आणलं. पण २०२०च्या सप्टेंबरमध्ये याच स्टेडियममध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या निक बोसा आणि सोलोमन थॉमस या दोघांचे गुडघे एकाच सामन्यात गेले होते. खेळाडू इतकी वर्षं सांगत आहेत की हे मैदान आमच्या पायांना नको आहे, आणि ज्याला त्यावर धावायचं आहे त्याचं म्हणणं माझ्या लेखी आकड्यांच्या वादाआधी येतं.

मेटलाइफमध्ये जेट्स आणि जायंट्स असे दोन संघ खेळतात, मैफली होतात. गवत टिकवणं महाग आणि अवघड, असं मालकांकडून सांगितलं जातं. मात्र पुरुषांच्या २०२६च्या सॉकर विश्वचषकाचा अंतिम सामना याच स्टेडियमला मिळाला, आणि फिफाला खरंच गवत लागतं, तेव्हा ते घालायची तयारी झाली. म्हणजे अडचण अशक्यतेची नव्हती, प्रश्न कुणाच्या पायांसाठी खर्च करायचा एवढाच होता. खेळाडूंची संघटना हे बोलते तेव्हा मालक ते वाटाघाटीतला एक मुद्दा म्हणून ऐकतात. हंगामाची तिकिटं पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्यांचं त्यांना असं ऐकून चालणार नाही, कारण त्यांच्याशी करार नसतो, दरवर्षी त्यांना पुन्हा पैसे भरावे लागतात. ते पैसे भरताना जेट्सच्या माणसांनी आपल्या क्वार्टरबॅकच्या पायाखाली गवत मागायला हवं, आणि त्याच्या जागी येणाऱ्या मुलाच्याही.