जलसंजीवनी आणि अधिकाराचा प्रश्न

वैद्यकातील ज्ञान वापरण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न एरवी व्यवस्थेचा वाटतो. परंतु पटकीसारख्या, म्हणजे काही तासांत शरीरातील पाणी व क्षार ओढून घेऊन माणसाला मारणाऱ्या रोगापुढे तो नीतीचा प्रश्न होतो. शिष्याची पात्रता पाहूनच ज्ञान द्यावे, हे अधिकारभेदाचे मत भारतीय तत्त्वचिंतनात जुने आहे, आणि अपात्राच्या हाती पडलेले ज्ञान अपाय करील ही खरी भीतीही त्यामागे होती. आधुनिक वैद्यकाने पटकीच्या बाबतीत हीच भीती बाळगली व ती निराधार नव्हती, कारण १९६२ साली फिलिपीन्समध्ये तोंडावाटे क्षार-साखरेचे द्रावण देण्याच्या एका प्रयोगात काही रुग्ण दगावले होते.

पटकीच्या विषामुळे आतड्यातून पाणी व क्षार सतत पाझरतात, तरी ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आत शोषून घेण्याची आतड्याची क्षमता शाबूत राहते व त्यामागोमाग पाणीही आत येते; जलसंजीवनीचा, म्हणजे तोंडावाटे पाजायच्या क्षार-साखरेच्या द्रावणाचा, सारा आधार एवढाच आहे. डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ साली ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेतील कामातून दाखवले की, असे द्रावण पाजल्यास शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते.

तरीही हा उपाय लगेच तज्ज्ञांच्या देखरेखीबाहेर गेला नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या भरून घेतल्या आणि पाण्यात कालवलेले द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजवले. छावणीत ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हा आक्षेप शास्त्रीय दृष्ट्या रास्त आहे. मात्र पूर्ण पुराव्यासाठी थांबण्यात काहीच वेचत नाही, असे तो गृहीत धरतो. दिलेल्या औषधाने झालेला मृत्यू वैद्याच्या माथी येतो, न दिलेल्या औषधाने झालेला कोणाच्याच माथी येत नाही, आणि या विषम हिशेबामुळे सावधगिरी अनेकदा निष्पाप दिसते.

अधिकाराच्या कल्पनेला याहून खोल धक्का बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने दिला. १९८० ते १९९० या दशकात तिच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी एकत्र करायला आयांना शिकवत राहिल्या, आणि अशा घरांची संख्या एक कोटीच्या वर गेली. मीठ जास्त झाल्यास मुलाला अपाय होतो, हे जाणून संस्थेने आयांनी केलेल्या द्रावणाचे नमुने तपासले. शिवाय कार्यकर्तीचा मोबदला आईला किती आठवते यावर ठरवला. आईला आठवले नाही, तर शिकवणे कमी पडले असे धरले जाई. जी पात्रता पूर्वी शिकणाऱ्यापुढची अट होती, ती येथे शिकवणाऱ्याची जबाबदारी झाली, आणि अधिकारभेदाला याहून गंभीर उत्तर क्वचितच मिळाले असेल.

तज्ज्ञाचे स्थान यामुळे नाहीसे होत नाही. शुद्ध हरपलेल्या रुग्णाला काही पाजता येत नाही, त्याला सलाईनच द्यावे लागते. जलसंजीवनीने जुलाब थांबतही नाहीत, केवळ गेलेले पाणी भरून निघते. जुलाब चालूच आहेत हे पाहून पाजणे सोडू नये, एवढी समज आईला वेळेवर मिळवून देणे हे वैद्याचेच काम राहते.