परसातील लसूण

इस्राएल लोक रानात असता मिसरातील कांदे व लसूण आठवून रडले, असे गणनाच्या ११ व्या अध्यायात आपण वाचतो. लसूण आठवली; परंतु ती विटा थापून घेणाऱ्या धन्याच्या देशातली होती, हे ते विसरले.

आपली लसूण आपल्याच परसातील आहे. कार्तिकाच्या सुमारास वाफा भुसभुशीत करून, गड्डा फोडून, एकेक पाकळी टोक वर ठेवून चार बोटांच्या अंतराने आपण लावितो. बी निवडतानाच मनाची परीक्षा होते. बाहेरच्या ठळक पाकळ्या लावाव्या, आतल्या बारीक खाव्या, ही रीत. गेल्या साली आम्ही ठळक पाकळ्या चुलीकडे दिल्या व उरलेल्या बारीक मातीत घातल्या. फाल्गुनात गड्डेही तसेच निघाले. जमिनीस दोष कसा द्यावा?

प्रभूच्या कार्यासही आम्ही कित्येकदा उरलेलेच देतो: पेंगुळलेली प्रार्थना, किडके मूठभर धान्य, मुलांस शास्त्र शिकविण्यास दिवसाची शेवटची घटका. मग मंडळी खुरटली म्हणजे गावाला बोल लावितो.

घरी चणचण असता बी राखणे जड जाते, हे आम्ही जाणतो. अशाच वेळी मिसर गोड वाटू लागते. परंतु दासाला बी राखावे लागत नाही. तो भार मोकळ्या मनुष्यावरच पडतो, आणि तोच त्याचा मान होय. यास्तव यंदा गड्डा फोडाल तेव्हा प्रथम बी बाजूस काढा, मग चूल पेटवा.