रूप, नाव आणि फीत: तंजावरच्या घरगुती चित्रणांविषयी

आपली स्मृती टिकाऊ द्रव्याच्या हवाली करण्याची सवय तंजावरच्या मराठी परंपरेला जुनी आहे. भोसले घराण्याचा इतिहास १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात मराठीत शिळेवर कोरला गेला, आणि त्याच घराण्यातील राजे सरफोजी दुसरे यांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांच्या पोथ्यांबरोबर मोडी कागदपत्रेही जतन झाली. मात्र या संग्रहात दरबार, देवस्थान आणि हिशेब जितके भेटतात तितके माजघर भेटत नाही. तमिळ शेजारी ज्यांना ‘रायर’ म्हणतात त्या देशस्थ घरांतील मुंजी व लग्ने, आणि त्या प्रसंगी सहज बोलली जाणारी, तमिळशी मिसळलेली तंजावरी मराठी, यांचे चालतेबोलते रूप उरले असेल तर ते बहुधा १९८५ नंतर प्रचारात आलेल्या छोट्या कॅमकॉर्डरच्या फितींवर.

ही फीत म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर चिकटद्रव्याने बसवलेले चुंबकीय कण. कावेरीच्या खोऱ्यातील दमट हवेत ते चिकटद्रव्य ओलावा शोषून विघटित होऊ लागते, बुरशी धरते, आणि अशी फीत चालवली तर ती यंत्राच्या हेडवर घासून आणखी खराब होते. व्हीएचएस-सी कॅसेट अडॅप्टरमध्ये बसवून मोठ्या व्हीसीआरवर पाहता येते. व्हिडिओ-८ किंवा हाय-८ च्या आठ मिलिमीटर फितीला तशी सोय नाही, तिला त्याच जातीचे यंत्र लागते, आणि अशी यंत्रे आता नव्याने बनत नाहीत. म्हणून प्रत काढणे हाच उपाय उरतो, आणि तो नवा नाही: पोथी जीर्ण झाली की लेखनिक नवी प्रत करीत आणि जुन्या पानांसाठी कोणी अडून बसत नसे. पण ताडपत्र वाचायला डोळे आणि लिपीचे ज्ञान पुरते, फितीला मध्यस्थ लागतो, हा भेद लहान नाही.

तथापि द्रव्याच्या प्रश्नामागे ज्ञानाचा प्रश्न उभा आहे: दिवंगत पित्याला फितीत पाहणारा मुलगा त्याला आठवतो आहे की पाहतो आहे? सतराव्या शतकातील चोळदेशीय अद्वैती धर्मराज अध्वरींद्र यांनी ‘वेदांतपरिभाषा’ या ग्रंथात प्रमेची, म्हणजे यथार्थ ज्ञानाची, दोन लक्षणे दिली आहेत. एकात विषय पूर्वी अज्ञात असावा अशी अट असल्याने स्मृती वगळली जाते. दुसऱ्यात केवळ अबाधित विषय, म्हणजे पुढे खोटा न ठरणारा विषय, पुरेसा मानल्याने तीही सामावते. पहिल्या लक्षणाच्या कसोटीवर मुलाचे ज्ञान निव्वळ स्मृती ठरत नाही, कारण वडील मांडवाच्या मागे कोणाशी काय बोलत होते हे त्याला त्या दिवशी ठाऊक नव्हते, ते फीतच प्रथम कळवते. तरीही ‘हे तेच माझे वडील’ या ओळखीसाठी, जिला शास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात, पूर्वानुभवाचा संस्कार मुलापाशी असावा लागतो, आणि तो फितीत नसतो.

या मुलाच्या नातीच्या बाबतीत हा संस्कारच नाही. तिला पणजोबा दिसतात, पण पणजोबा म्हणून दिसत नाहीत. वेदांतात प्रसिद्ध असलेल्या कथेतील दहा जण नदी ओलांडून एकमेकांना मोजतात आणि प्रत्येक जण स्वतःला वगळून नऊच मोजतो. ‘दहावा तूच’ असे कोणी सांगितल्यावर, जो समोर होताच त्याचे साक्षात ज्ञान होते. फितीतील चेहऱ्यालाही अशाच शब्दाची गरज असते, आणि तो उच्चारणारी माणसे फितींच्या आधी संपत आहेत.

यावर कर्मठ आक्षेप असा येऊ शकतो की मृतांचे रूप धरून ठेवणे हाच मोह आहे. सपिंडीकरणाने प्रेताचा पितर होतो. श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह यांना अनुक्रमे वसू, रुद्र व आदित्य या रूपांत, नाव आणि गोत्र घेऊन आवाहन केले जाते, आणि त्यांच्या चेहऱ्याची कोणी चौकशी करीत नाही. आक्षेप अर्धा खरा आहे. विधी रूप सोडतो पण नाव सोडत नाही, तेही तीन पिढ्यांच्या मर्यादेत. फीत नेमकी उलट वागते, रूप राखते आणि नाव गमावते. त्यामुळे तिचे जतन विधीविरुद्ध नसून विधीइतकेच अपुरे आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

मिनी-डीव्हीवरील अंकीय नोंद बिघडलेली नसेल तर गुणवत्ता न घटता संगणकावर उतरते, जुन्या अॅनालॉग फितीची मात्र प्रत्येक प्रत थोडी फिकट होते. दोन्ही कामे पैसे देऊन करून घेता येतात. चित्र चालू असताना एखाद्या वृद्ध आत्याला शेजारी बसवून, कोण कोणाची सून, कोण कुंभकोणमहून आले होते, हे तिच्याच तंजावरी मराठीत सांगू द्यावे आणि तो आवाज त्याच प्रतीला जोडावा, हे काम मात्र दुकानदाराकडे सोपवता येत नाही, आणि यंत्र मिळताच तेच आधी हाती घ्यावे लागते.