उरलेले तुकडे



पाच हजारांना जेवू घालताना प्रभू येशूने हाती घेतल्या त्या जवाच्या भाकरी होत्या, असे संत योहान सांगतो. जव हे त्या काळी गोरगरिबांचे धान्य. प्रभूने त्या भाकरींसाठी देवाचे आभार मानले. सर्व तृप्त झाल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करायला शिष्यांना सांगितले. बारा टोपल्या भरल्या.

जळगाव-धुळ्याच्या आपल्या घरांत ज्वारी-बाजरीची भाकरी आहे, कळण्याची भाकरी आहे. या धान्यांना गव्हापेक्षा पाणी कमी लागते आणि मैद्यापेक्षा ती अंगी लागतात. तरी पाहुणे आले की भाकरी वाढायला आपण लाजतो. सणाच्या भोजनानंतर चर्चच्या आवारात फेकलेल्या पत्रावळींत अर्धे अन्न तसेच असते. अन्न टाकणे म्हणजे गरिबाच्या ताटातले चोरणे, असा इशारा पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात दिला होता.

म्हणून पुढच्या भोजनाला आपण घरूनच ताट-वाटी आणू या. आधी थोडेच वाढून घेऊ या. बाजाराला कापडी पिशवी नेऊ या. आठवड्यातून दोन दिवस तरी मुलांच्या डब्यात भाकरी देऊ या.

ख्रिस्तप्रसादाचा कणही खाली पडू नये म्हणून आपण किती जपतो! वेदीपाशी शिकलेला हा आदर आपल्या घरच्या ताटापर्यंत पोहोचावा, हीच प्रभूचरणी प्रार्थना.