बोलत नाहीं, म्हणून तो नाहीं काय ?

एखाद्या घरीं मनुष्य अपघातानें बेशुद्ध पडावा, कांहीं आठवड्यांनीं त्याचे डोळे उघडावे, पण हाक मारली असतां त्यानें ओळख देऊं नये, अशी स्थिति झाली म्हणजे घरचे लोक आम्हांस एकच प्रश्न विचारितात : "तो आंत आहे काय ?" शेजारी तर आधींच उत्तर देऊन मोकळे होतात. कोणी म्हणतो, त्याला बाहेरचें झालें. कोणी म्हणतो, आतां केवळ देह उरला. पहिल्या मतासाठीं आम्ही कागद खर्च करीत नाहीं. दुसरें मत मात्र शहाण्यांच्याही तोंडीं असतें, म्हणून त्याचा विचार करणें अवश्य आहे.

जागें असणें व भान असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मेंदूच्या बुडाशीं देठासारखा भाग असतो, त्यांतून जागृतीची प्रेरणा वर जाते. भानास वरचे थर व त्यांस जोडणारे तंतु लागतात. देठ शाबूत राहून वरचा भाग जखमी झाला, तर मनुष्य झोपतो, जागा होतो, श्वास घेतो, परंतु भानाची खूण देत नाहीं. डोक्यास मार लागून असें झालें असेल तर सुधारणेची आशा अधिक. हृदय थांबून किंवा गळा आवळला जाऊन मेंदूस प्राणवायु मिळाला नसेल तर आशा कमी. डॉ. जेनेट व डॉ. प्लम ह्यांनीं १९७२ सालीं ह्या अवस्थेस दिलेल्या नांवांत वनस्पतीची उपमा आहे. त्यांचा हेतु अपमानाचा नव्हता. तरी तें नांव आम्हांस रुचत नाहीं, आणि आतां पुष्कळ डॉक्टरांसही रुचत नाहीं.

पण खूण नाहीं म्हणजे भानच नाहीं, असें ठरतें काय ? इंग्लंडांतील केंब्रिज येथें डॉ. ओवेन ह्यांनीं अशा अवस्थेंतील २३ वर्षांच्या एका स्त्रीस मेंदूचें काम दाखविणाऱ्या यंत्रांत ठेविलें, व टेनिस खेळत असल्याची कल्पना करावयास सांगितलें. मग आपल्या घरांतून फिरत असल्याची. निरोगी माणसाच्या मेंदूचे जे भाग अशा वेळीं काम करूं लागतात, तेच तिचेही करूं लागले. हें वृत्त २००६ सालीं प्रसिद्ध झालें. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तपासणींत बाहेरून आज्ञेस उत्तर न देणाऱ्या २४१ रोग्यांपैकीं ६० जणांच्या मेंदूनें आज्ञा पाळिली. म्हणजे चौघांत एक ! आणि ह्याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, जे ११२ रोगी बाहेरून आज्ञा पाळीत होते, त्यांतील निम्म्याहून अधिकांचें भान यंत्रास दिसलें नाहीं. तेव्हां यंत्राचें मौन हाही पुरावा नव्हे.

औषधाविषयीं थोडेंच सांगतों. अमँटाडीन नांवाचें औषध डोक्यास मार लागलेल्या १८४ रोग्यांवर पाहिलें, त्याचा निष्कर्ष २०१२ सालीं निघाला : औषध चालू असतांना सुधारणा लवकर झाली, थांबविल्यावर तिचा वेग मंदावला. ह्याहून मोठी हमी देऊन कोणी शेत गहाण टाकावयास सांगेल, तर त्यावर विश्वास ठेवूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. "तो आंत आहे काय ?" ह्यामागें दुसरा प्रश्न दडलेला असतो : नसेल, तर आम्हीं त्याची सेवा कां करावी ? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग हिचा गळा २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं एका हल्लेखोरानें साखळीनें आवळला. पुढें ४१ वर्षें ती तेथेंच अंथरुणावर होती. तिचें अन्नपाणी थांबवावें असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें आला असतां तेथील परिचारिकांनीं विरोध केला, व २०११ सालीं न्यायालयानें अर्ज फेटाळिला. डॉक्टरांच्या समितीस सुधारणेची आशा दिसत नव्हती. तथापि तपासणाऱ्यांस इतक्या वर्षांत तिच्या पाठीस जखम झालेली आढळली नाहीं. ज्या परिचारिकांनीं तिला कधीं चालतांना पाहिलेंही नव्हतें, त्या पुराव्याची वाट पाहत बसल्या नाहींत. १८ मे २०१५ रोजीं ती वारली.

ह्यावरून प्रत्येक नळी अखेरपर्यंत ठेविलीच पाहिजे, असें आम्ही म्हणत नाहीं. आशा संपल्यावर उपचार थांबविण्याची मोकळीक न्यायालयानें २०१८ सालीं नियम घालून दिली आहे, आणि विचारपूर्वक तसें करणाऱ्या कुटुंबास आम्ही दोष देणार नाहीं. परंतु उपचार थांबविणें निराळें, आणि कंटाळून माणसास कोपऱ्यांत टाकणें निराळें; दुसऱ्यास पहिल्याचें नांव देऊन चालणार नाहीं.

अशा घरीं भेटीस जाणाऱ्या उपदेशक बंधूंनीं रोग्याच्या उशाशीं बसून त्याच्या मरणाची किंवा जमिनीच्या वाटणीची बोलणीं करूं नयेत. अंगास हात लावण्यापूर्वीं आपलें नांव सांगावें. घरच्यांस दर दोन तासांनीं कूस बदलावयास शिकवावें. आणि एक हातआरसा न्यावा : दुसऱ्या कशाकडेही न वळणारे डोळे कित्येकदां आरशांतील स्वतःच्या चेहऱ्यामागें हळूहळू फिरतात. सकाळीं, दुपारीं, निरनिराळ्या दिवशीं आरसा दाखवावा, डोळे फिरले तर तारीख व वेळ लिहून ठेवावी, आणि तो कागद डॉक्टरांकडे पोंचवावा.